इंग्रजीची परीक्षा : बडोद्याच्या मराठी घरांतील दीडशे वर्षे



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचलो, त्याच शाळेने आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजिलेल्या व्याख्यानासाठी मला बोलवावे, यात माझा गौरव आहे, तसाच थोडा पेचही आहे. मी उभा जन्म मराठी शिकविली. इंग्रजीच्या शिक्षकाचे स्मरण मराठीच्या शिक्षकाने करावे, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु मी मराठीकडे वळलो तो सरांच्या इंग्रजीच्या तासांमुळे. ते कसे, हे सांगण्यासाठी मला आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

आरंभ मात्र एका आठवणीने करतो. दहावीच्या तिमाही परीक्षेत मी इंग्रजीत नापास झालो होतो. सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतले, मेजाचा खण उघडला आणि वर्तमानपत्राची दोन पिवळी पडलेली कात्रणे माझ्यापुढे ठेवली. १९३२ आणि १९३३ सालांच्या मॅट्रिकच्या निकालाची ती कात्रणे होती. त्या काळी उत्तीर्णांचे क्रमांक वर्तमानपत्रात छापून येत. प्रत्येक कात्रणाला त्या त्या वर्षीचे प्रवेशपत्र टाचलेले होते. "यात माझा नंबर शोध," सर म्हणाले. मी पुष्कळ शोधला. तो नव्हता. सर दोनदा इंग्रजीत नापास झाले होते. तिसऱ्या खेपेस १९३४ मध्ये उत्तीर्ण झाले आणि पुढे इंग्रजीचेच शिक्षक झाले. उत्तीर्ण झाल्याचे कात्रण त्यांनी जपले नव्हते, नापास झाल्याची दोन्ही जपली होती.

ज्या यादीत आपला क्रमांक नाही अशी यादी हा आपल्या समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. इंग्रजीच्या परीक्षेचा इतिहास आपण बहुधा उत्तीर्णांच्या चरित्रांतून वाचतो. आज मी तो परीक्षेच्या तयारीच्या बाजूने पाहणार आहे. ही परीक्षा कोणाला द्यावी लागली, तिची तयारी कशी होई आणि त्या तयारीत आपल्या मातृभाषेचे स्थान काय होते, हे तीन प्रश्न माझ्यासमोर आहेत.

१. परीक्षा आली कोठून?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात एक मोठा वाद झाला. शिक्षणाच्या बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच दिले पाहिजे. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे असे की, ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवायचे तर ते देशी भाषांतूनच द्यावे लागेल. १८४० च्या दशकाच्या अखेरीस हा वाद शिगेला पोहोचला होता. शंकरशेट हे इंग्रजीचे विरोधक नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मुंबईत इंग्रजी शिक्षण रुजविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा प्रश्न इतकाच होता की, शिडी कोठे ठेवायची आणि भिंत कोठे बांधायची.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खालचे शिक्षण देशी भाषांत आणि वरचे इंग्रजीत अशी वाटणी केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेतली गेली. तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. आरंभीच्या काही वर्षांत पदवी परीक्षेला देशी भाषा घेता येत असे. पुढे त्यांची जागा अभिजात भाषांनी घेतली आणि मराठी वरच्या परीक्षांतून बाहेर गेली. तिला पुन्हा आत आणण्यासाठी रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. इंग्रजीच्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या माणसाने आपली शेवटची वर्षे मराठीला परीक्षेत जागा मिळवून देण्यात घालवावीत, या गोष्टीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मॅट्रिक ही नावाने प्रवेशपरीक्षा, पण प्रत्यक्षात ती इंग्रजीचीच परीक्षा होती. गणित असो, इतिहास असो, भूगोल असो, उत्तर इंग्रजीत लिहायचे असल्यामुळे प्रत्येक उत्तरपत्रिका ही इंग्रजीचीच उत्तरपत्रिका ठरे. नोकरीच्या जाहिरातीत, लग्नाच्या बोलणीत, घरावरच्या पाटीवरसुद्धा 'मॅट्रिक' हा शब्द पदवीसारखा मिरवू लागला, आणि 'नॉन-मॅट्रिक' ही एक वेगळीच जात निर्माण झाली.

२. एका राजाचा अभ्यास

बडोद्याच्या इतिहासात इंग्रजीच्या तयारीची सर्वांत विलक्षण कथा एका राजाची आहे. २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला गेला आणि तो सयाजीराव झाला. तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट हे त्याचे शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा या मुलाला एकदम शिकाव्या लागल्या. अवघ्या सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, त्याच्या हाती राज्याचा कारभार आला. विद्यापीठाची कोणतीही परीक्षा त्याने दिली नाही. पण दिवाण, रेसिडेंट आणि कलकत्त्याचे सरकार हे त्याचे परीक्षक होते, आणि ते रोज परीक्षा घेत.

या राजाने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात त्याने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते मुलांच्या भाषेत. कॉलेजातील शिक्षण इंग्रजीत ठेवले. बडोदे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. आणि या दोन टोकांमध्ये पूल असावा म्हणून त्याने इंग्रजी व इतर भाषांतील ग्रंथ मराठी-गुजरातीत आणण्यासाठी ग्रंथमाला चालविल्या. श्रीसयाजी साहित्यमालेची पुस्तके आपल्या शाळेच्या ग्रंथालयात अजूनही असतील. महाराजांनी इंग्रजी घेतली ती आपल्या भाषांत काही आणून टाकण्यासाठी. शंकरशेट यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे एक कृतिरूप उत्तर होते.

याच कॉलेजात एक इंग्रजीचे प्राध्यापक होते, अरविंद घोष. वडिलांच्या इच्छेमुळे ते लहानपणापासून इंग्लंडात वाढले, तेथेच शिकले. १८९३ मध्ये ते बडोद्यास आले तेव्हा इंग्रजी, ग्रीक, लॅटिन यांवर त्यांचे प्रभुत्व होते. पण स्वतःच्या आईची बंगाली भाषा त्यांना नीट येत नव्हती. ती शिकविण्यासाठी दीनेंद्रकुमार राय यांना बंगालमधून बडोद्यास बोलवावे लागले. इंग्रजीच्या सर्व परीक्षा संपल्यावर मातृभाषेच्या पहिल्या पाठापासून आरंभ करणारा हा प्राध्यापक आपल्या याच गावात राहत होता. हे उदाहरण तुम्ही ध्यानात ठेवावे. शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

३. तयारीची रीत

पीएच.डी.च्या निमित्ताने मी एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ क्रमिक पुस्तके चाळली. त्यांत एक गोष्ट फार स्पष्ट दिसते : इंग्रजीची तयारी मराठीच्या आधाराने होत असे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांच्या नावाची इंग्रजी पुस्तके आली. त्यानंतर घरोघरी पोहोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. एक नियम, त्याची उदाहरणे, मग इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये आणि मग मराठीतून इंग्रजीत करावयाची वाक्ये, असा तिचा क्रम. शाळा नसलेल्या गावातही कंदिलाच्या उजेडात एकट्याने बसून शिकता येईल असे ते पुस्तक होते, आणि कित्येकांनी ते तसेच वापरले. विसाव्या शतकात नेस्फील्डचे आणि पुढे रेन व मार्टिन यांचे व्याकरण आले. यातील पी. सी. रेन म्हणजे कादंबरीकार म्हणून नाव मिळविलेले तेच गृहस्थ. ते काही काळ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते.

या पद्धतीचे दोष उघड आहेत. इंग्रजी कानावर पडत नसे, म्हणून उच्चार बिघडत. नियम पाठ असत, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळे. उताऱ्याचा आशय आपल्या शब्दांत सांगायचा असे, त्याचीही छापील उत्तरे मुले घोकून येत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावे चालत आलेली वाघिणीच्या दुधाची उपमा आपण सर्व जाणतो; पण बहुसंख्य मुलांच्या वाट्याला आले ते दूध नव्हे, दुधाची पूड होती, आणि ती पाण्यात नीट विरघळत नसे.

तरीही या पद्धतीत एक गुण होता, आणि त्या गुणाने माझे आयुष्य घडविले. भाषांतर करताना दोन्ही भाषा एकमेकींसमोर उभ्या राहत. सर सकाळी साडेसहाला नापास मुलांचा वर्ग घेत. फळ्याच्या मधोमध रेघ ओढत, डावीकडे मराठी वाक्य लिहीत, उजवीकडे इंग्रजी. एकदा 'मला भूक लागली आहे' हे साधे वाक्य त्यांनी लिहिले. म्हणाले, "मराठीत भूक कोठून तरी येते आणि माणसाला लागते. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो. आता सांगा, मराठी वाक्याचा कर्ता कोण?" आम्ही तोवर जन्मभर भूक लागल्याचे सांगत आलो होतो, पण त्या वाक्यात कर्ता 'मी' नसून 'भूक' आहे हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी उजवीकडे फक्त 'वुई' हा शब्द लिहिला आणि डावीकडे काय लिहू, असे विचारले. निम्मी मुले 'आम्ही' म्हणाली, निम्मी 'आपण'. सर म्हणाले, "दोन्ही बरोबर. ऐकणाऱ्याला सोबत घेतले तर 'आपण', बाहेर ठेवले तर 'आम्ही'. शेजारच्या गुजरातीतही हा भेद आहे. इंग्रजाला एकाच शब्दात दोन्ही बसवावे लागतात. म्हणून इंग्रजीत 'वुई' आला की थांबा आणि विचारा, कोण आत आहे आणि कोण बाहेर." त्या सकाळी मला प्रथमच वाटले की, मराठी ही अभ्यास करण्याजोगी गोष्ट आहे. इंग्रजीत उत्तीर्ण होण्यासाठी मी त्या वर्गात गेलो आणि मराठी घेऊन बाहेर पडलो.

४. यादीबाहेरची माणसे

परंतु या परीक्षेचे कौतुक करताना आपण ज्यांना परीक्षेच्या दालनापर्यंत येऊच दिले नाही, त्यांचा विसर पडता कामा नये. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सादर केलेल्या निवेदनाचा मुख्य रोख हाच होता : सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते. ज्याला पहिलीचे पुस्तक मिळाले नाही, त्याला मॅट्रिकची परीक्षा सोपी की अवघड, या प्रश्नाला अर्थच नव्हता.

स्त्रियांचेही तेच. आनंदीबाई जोशी यांनी मॅट्रिकची परीक्षा दिलेली नव्हती. १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेस जाण्यापूर्वी त्यांनी सेरामपूर येथे जमलेल्या श्रोत्यांसमोर इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस का जातो ते सांगितले, आणि पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहून आपली बाजू मांडली. एक तोंडी परीक्षा आणि एक लेखी. तयारी घरात झालेली, शिक्षक नवरा, आणि बाहेर समाज दगड हाती घेऊन उभा. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

तिसरे उदाहरण आपल्या बडोद्याचे आहे, आणि ते सांगताना बडोदेकराने मान खाली घातली पाहिजे. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाले. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. इंग्रजीच्या जेवढ्या म्हणून परीक्षा असू शकतात तेवढ्या ओलांडून १९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास परतले. या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहात ते ओळख लपवून उतरले, तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. इंग्रजी आली की सर्व दारे उघडतात, असे आपण मुलांना सांगतो. न्यूयॉर्कचे दार उघडले होते; बडोद्याचे उघडले नाही. परीक्षा माणसाची घेतली जाते, समाजाची घेतली जात नाही, हा परीक्षेचा मूलभूत दोष आहे.

५. आठवीपासून इंग्रजी

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ पाचवीऐवजी आठवीपासून करण्याचे धोरण आले, आणि शालान्त परीक्षा इंग्रजीवाचून उत्तीर्ण होण्याचीही सोय झाली. हेतू उदात्त होता. शंकरशेट यांचे म्हणणे शंभर वर्षांनी मान्य झाल्यासारखे वाटले. परंतु शाळेची भाषा बदलली आणि कॉलेजची तशीच राहिली, तर मधली दरी मुलांनी कशी ओलांडायची, याचा विचार झाला नाही.

१ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. १९६३ मध्ये, आठवीत, मी इंग्रजीची बाराखडी गिरवली. १९६७ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठात पाऊल ठेवले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इंग्रजी माध्यम राखले होते. चार वर्षांच्या इंग्रजीवर मी अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला बसलो आणि पाऊण तासात मला 'गुड मॉर्निंग' व 'थँक यू' यांखेरीज काही समजले नाही. घरी येऊन मी आईला सांगितले की तास छान झाला.

इकडे अहमदाबादेत एका मराठी कुटुंबाने याच प्रश्नावर न्यायालयाचे दार ठोठावले होते. मुलगा १९६० मध्ये मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसला. वर्षभराने इंटरच्या वर्गात इंग्रजी माध्यमातून शिकण्यास त्याला मनाई झाली; कारण गुजरात विद्यापीठाच्या नियमांनुसार माध्यम गुजराती किंवा हिंदी ठरले होते. मराठीतून शिकलेल्या मुलाला गुजरातीपेक्षा इंग्रजी जवळची वाटावी, ही आपल्या सीमेपलीकडच्या मराठी समाजाची खरी अडचण होती. मुधोळकर खटला म्हणून तो ओळखला जातो. २१ सप्टेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार विद्यापीठाला कायद्याने दिलेला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला राज्य आणि केंद्र यांच्या अधिकारांविषयीचा वाटतो. मला तो एका मराठी मुलाचा वाटतो, ज्याला घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि कॉलेजात तिसरी भाषा होती.

या अनुभवाने आमच्या पिढीने काय केले? आम्ही आमची मुले इंग्रजी माध्यमात घातली. मीही घातला. मराठीच्या ऱ्हासावर मी गावोगाव व्याख्याने दिली, मराठी शाळा ओस पडत असल्याबद्दल हळहळलो, आणि त्याच काळात रोज सकाळी माझा मुलगा गळ्यात टाय बांधून याच शाळेवरून दुसऱ्या शाळेत जात होता. सर तेव्हा निवृत्त झाले होते. एकदा रस्त्यात भेटले, मुलाची चौकशी केली. मी शाळेचे नाव सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त "बरं" म्हणाले. ते 'बरं' माझ्या कानांत अजून आहे. आज या व्यासपीठावरून ही कबुली देणे मला आवश्यक वाटले.

६. नऊ बँडांची परीक्षा

आता या परीक्षेचे तिसरे युग चालू आहे. मॅट्रिक कचेरीचे दार होते, शालान्त परीक्षा कॉलेजचे. आजची इंग्रजीची परीक्षा देशाबाहेरचे दार आहे.

परभाषकांच्या इंग्रजीची परीक्षा केंब्रिज विद्यापीठाने प्रथम १९१३ मध्ये घेतली. ती बारा तास चाले. भाषांतर, निबंध, व्याकरण, उच्चारशास्त्र, साहित्य आणि संभाषण असे तिचे भाग होते. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. सरांना ही हकिकत माहीत असती तर त्यांनी ते कात्रणही खणात ठेवले असते. १९६४ मध्ये अमेरिकेत टोफेल सुरू झाली. १९८९ मध्ये आयईएलटीएस आली, जिला आपल्या मध्य गुजरातेत 'आयल्ट्स' म्हणतात. बडोदे, आणंद, नडियाद येथील रस्त्यांवर तिच्या शिकवणी वर्गांच्या पाट्या मोजू लागलात तर दमून जाल. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे अशा चार कसोट्या. शून्य ते नऊ बँड. ऐकण्यास अर्धा तास, वाचण्यास एक तास, लिहिण्यास एक तास आणि बोलण्यास अकरा ते चौदा मिनिटे. निकाल साधारणतः दोन वर्षे ग्राह्य धरतात; नंतर पुन्हा बसावे लागते. सरांच्या काळी एकदा झालेला मॅट्रिक जन्मभर मॅट्रिक असे!

ही परीक्षा जुन्या परीक्षेपेक्षा अनेक बाबतींत चांगली आहे. तिच्यात कानाला आणि जिभेला स्थान आहे. घोकंपट्टीला कमी वाव आहे. परंतु एक गोष्ट तिच्यातून पूर्णपणे गेली आहे, ती म्हणजे उमेदवाराची स्वतःची भाषा. जगातल्या सर्व भाषांच्या उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची तर हे अपरिहार्य आहे. तक्रार परीक्षेविरुद्ध नाही. तक्रार तयारीविरुद्ध आहे; कारण परीक्षेतून मातृभाषा गेली म्हणून तयारीतूनही ती जावी, असा काही नियम नाही.

माझी नात दोन वर्षांपूर्वी या परीक्षेला बसली. इंग्रजी तिची माझ्यापेक्षा कितीतरी अस्खलित. ऐकणे, वाचणे, बोलणे यांत तिला उत्तम गुण मिळाले, पण लिहिण्यात सहावर गाडी अडली. तिला साडेसहा हवे होते. शिकवणी वर्गाने तिला तयार साच्यांची पाने दिली होती : आरंभी ही वाक्ये, मध्ये ही, शेवटी ही. ती पाने पाहून मला मॅट्रिकच्या छापील उत्तरांची आठवण झाली. शंभर वर्षांत कागद तेवढा गुळगुळीत झाला आहे.

तिने सरावासाठी एक निबंध लिहिला होता. विषय, तरुणांनी आपले गाव सोडून दूर जावे की नाही. वाक्ये निर्दोष होती. प्रत्येक परिच्छेदात 'वुई' होता. मी तिला विचारले, "हा 'वुई' म्हणजे 'आपण' की 'आम्ही'?" तिला प्रश्न कळेना. तिच्या बोलण्यात दोन्ही शब्द होते, पण त्यांतला भेद तिला कोणी दाखविला नव्हता. मी समजावून सांगितला. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, वर मी जाणाऱ्यांबद्दल लिहिलंय. खाली मागे राहणाऱ्यांबद्दल. दोन्हीकडे एकच शब्द आहे." मी म्हणालो, "मग आधी ठरव, तू कोणाच्या वतीने लिहिते आहेस."

तिने तो निबंध मला आधी मराठीत तोंडी सांगितला, आणि मग इंग्रजीत पुन्हा लिहिला. पुढचे सहा आठवडे आम्ही रोज संध्याकाळी असेच बसलो. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. डावी बाजू मी लिहीत असे, कारण तिला मराठी वाचता येते ते अडखळत, आणि लिहिता येत नाही. दुसऱ्या खेपेस तिला लिहिण्यात साडेसहा मिळाले. याचे श्रेय मी घेत नाही. मुलगी कष्टाळू आहे. आता ती परदेशी आहे. मागच्या महिन्यात तिने फोनवर विचारले, तेथे बसून देवनागरी लिहायला शिकता येईल का. मला बडोदे कॉलेजातले ते इंग्रजीचे प्राध्यापक आठवले.

७. समारोप

दीडशे वर्षांच्या या आढाव्यातून मला दिसते ते एवढेच. इंग्रजीची परीक्षा टळणारी नाही. तिला शिव्या देऊन आपण स्वतःची फसवणूक करतो, आणि मी ती पुष्कळ वर्षे केली. पण इंग्रजी चांगली येण्यासाठी मराठी सोडावी लागते, हा समज इतिहासाला धरून नाही. रानडे, सयाजीराव, आनंदीबाई, आंबेडकर यांपैकी कोणीही ती सोडली नव्हती. आम्ही सोडली, ती घाबरून.

म्हणून संस्थेला माझी एक विनंती आहे. व्याख्यान दर वर्षी होईलच. पण सरांचे खरे स्मारक म्हणून सकाळी साडेसहाचा तो वर्ग पुन्हा सुरू करावा. त्यात आपल्या शाळेची मुले असावीत, तशीच शहरातल्या इंग्रजी शाळांतली मराठी घरांतली मुलेही असावीत. फळ्याच्या मधोमध रेघ ओढावी. एका बाजूच्या मुलांना दुसरी बाजू शिकवावी. आठवड्यातून दोन दिवस मी येईन. पायऱ्या चढायला आता थोडा वेळ लागतो, पण साडेसहाला पोहोचेन.

सरांची ती दोन कात्रणे त्यांच्या पश्चात त्यांच्या घरच्यांनी मला दिली. आज मी ती सोबत आणली आहेत आणि संस्थेच्या स्वाधीन करीत आहे. आताचे निकाल प्रत्येकाच्या हातातल्या पडद्यावर एकेकट्याला दिसतात आणि नापास झालेले मूल ते कोणाला न दाखविता पुसून टाकते. अशा मुलाला दाखविण्यासाठी शाळेत काहीतरी असावे. ही कात्रणे काचेच्या कपाटात ठेवू नयेत. शिक्षकांच्या खोलीतल्या मेजाच्या खणात ठेवावीत, म्हणजे वेळेला हाताशी येतील.